ज्युनियर आइस हॉकीतून कॉलेजच्या संघात: लीग निवडण्यापूर्वी काय पाहावे

अमेरिकेत किंवा कॅनडात वाढणारा मुलगा आइस हॉकीत चांगला निघाला, की तो पंधरा-सोळा वर्षांचा होताच आईवडिलांच्या कानावर आद्याक्षरांचा मारा सुरू होतो: यूएसएचएल, एनएएचएल, बीसीएचएल, ओएचएल. प्रत्येक लीगचा माणूस आपलीच वाट कॉलेजकडे जाते असे सांगतो, आणि बहुतेकांचे म्हणणे अंशतः खरेही असते. ज्या घरात हा खेळ पूर्वी कोणी खेळलेला नाही, त्या घरासाठी हा लेख आहे. लीगच्या नावापेक्षा त्या लीगमधल्या एका विशिष्ट संघात आपल्या मुलाला मिळणारी जागा महत्त्वाची असते, असे माझे मत आहे आणि पुढची सगळी मांडणी त्याच अंगाने केली आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागते. फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये मुलगा हायस्कूल संपवून थेट कॉलेजच्या संघात जातो. पुरुषांच्या आइस हॉकीत बहुसंख्य खेळाडू हायस्कूलनंतर एक, दोन, क्वचित तीन वर्षे ज्युनियर लीगमध्ये खेळतात आणि एकोणीस, वीस किंवा एकविसाव्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसतात. आपल्याकडे बारावीनंतरचे रिकामे वर्ष संशयाने पाहिले जाते, त्यामुळे आजीआजोबांना हे समजावणे कठीण जाईल. परंतु कॉलेजचे कोच मुद्दामच वयाने आणि अंगाने भरलेले खेळाडू शोधतात, आणि ही वर्षे त्या व्यवस्थेचाच भाग आहेत.

पहिली पायरी: जन्मतारखेचे गणित कागदावर मांडा

ज्युनियर हॉकी साधारण सोळा ते वीस वर्षांच्या खेळाडूंसाठी असते आणि वय जन्मवर्षावरून मोजले जाते. 2008 मध्ये जन्मलेल्या मुलाचा शेवटचा ज्युनियर हंगाम 2028-29 चा असेल. तो 2026 मध्ये हायस्कूल संपवणार असेल, तर त्याच्या हाती नंतर जास्तीत जास्त तीन हंगाम आहेत. या हंगामांपैकी किती वापरायचे, हे घराने आधी ठरवलेले नसेल तर ते संघ ठरवतो.

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियमन करणारी संस्था, पहिल्या विभागातल्या (म्हणजे तिच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या पातळीतल्या) खेळाडूचे घड्याळ, म्हणजे त्याच्या पात्रतेची वर्षे, तो पूर्णवेळ कॉलेज विद्यार्थी झाला त्या दिवसापासून मोजते. म्हणून ज्युनियर खेळताना वेळ सत्कारणी लावण्यासाठी कॉलेजचे विषय घ्यायचे असतील तर ते अर्धवेळच घ्यावेत. एकविसाव्या वाढदिवसानंतर प्रवेशाविना खेळत राहिल्यास पात्रतेची वर्षे कमी होऊ शकतात. हे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे मुलाची नेमकी जन्मतारीख घेऊन संबंधित कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाला लेखी विचारणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुसरी पायरी: गुणपत्रिका लीगच्या आधी

पहिल्या विभागात खेळण्यासाठी हायस्कूलमधले 16 मान्यताप्राप्त मुख्य विषय आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 ची सरासरी लागते. या 16 पैकी 10 विषय अकरावी संपेपर्यंत पूर्ण झालेले असावे लागतात. नववीपासून चार वर्षांत हे विषय संपवायचे असतात. वेळेत पदवी घेतल्यानंतर पात्रतेसाठी फक्त एक जादा मुख्य विषय घेता येतो. ज्युनियरच्या दोन वर्षांत मागचे गुण सुधारून घेऊ, असा सल्ला रिंकवर सर्रास ऐकू येतो; या नियमामुळे तो सल्ला धोक्याचा ठरतो. एनसीएएने 2023 पासून सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांची सक्ती काढून टाकली असली तरी एखादे कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी त्या मागू शकते.

सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या राज्यात जाणारा मुलगा तिथल्या शाळेत किंवा ऑनलाइन शाळेत जातो. त्या शाळेचे विषय एनसीएएच्या मान्य यादीत आहेत की नाहीत, हे सामान बांधण्यापूर्वी तपासावे. गुण चांगले असतील तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल, ब्राउन आणि डार्टमथ ही सहा आयव्ही लीग विद्यापीठेही नजरेत ठेवता येतात. ती क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. घरच्या उत्पन्नानुसार मदत देतात, आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला ती मदत कधीकधी इतर ठिकाणच्या अर्ध्या शिष्यवृत्तीपेक्षा मोठी पडते.

तिसरी पायरी: लीगचा नकाशा समजून घ्या

अमेरिकेत यूएसए हॉकी या नियामक संस्थेने ज्युनियर हॉकीची श्रेणी ठरवली आहे. पहिल्या श्रेणीत एकच लीग आहे, यूएसएचएल. तिचे संघ मुख्यतः मध्य-पश्चिमेतल्या शहरांत आहेत: डब्यूक, वॉटर्लू, फार्गो, सू फॉल्स, लिंकन, ग्रीन बे, शिकागोजवळचा स्टील. मिशिगनमधल्या प्लिमथ इथला राष्ट्रीय विकास संघही याच लीगमध्ये खेळतो. पहिल्या विभागाला सर्वाधिक खेळाडू पुरवणारी लीग अनेक वर्षे हीच राहिली आहे. शिकागो स्टीलमधून ओवेन पॉवर आणि अ‍ॅडम फँटिली मिशिगन विद्यापीठात गेले, मॅक्लिन सेलेब्रिनी बोस्टन विद्यापीठात गेला आणि सतराव्या वर्षी कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेऊन एनएचएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंचे हक्क निवडून घेण्याच्या प्रक्रियेत, पहिला निवडला गेला. मात्र या उदाहरणांवरून नवख्याने स्वतःच्या मुलाचा अंदाज बांधू नये. या मुलांना कोणत्याही लीगमधून हेरले गेले असते.

दुसऱ्या श्रेणीत एनएएचएल आहे. अलास्कापासून टेक्सासपर्यंत आणि पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलेली ही लीग तीसहून अधिक संघांची आहे, आणि उशिरा उमललेल्या खेळाडूंसाठी ती मला सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. टेक्सासमधल्या ओडेसासारख्या, हॉकीशी कोणी जोडणार नाही अशा गावातून कॉनर हेलेबक हा गोलरक्षक मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठात गेला, 2012 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला आणि पुढे एनएचएलमधल्या विनिपेग संघाकडून खेळताना सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्याने अनेकदा जिंकला. या लीगमधले बरेच खेळाडू येताना कोणत्याही कॉलेजशी बांधलेले नसतात, त्यामुळे कोचही अजून कोण मोकळे आहे हे पाहायलाच येतात.

त्याखाली तिसरी श्रेणी, आणि यूएसए हॉकीच्या छत्रातून 2017 मध्ये बाहेर पडलेली यूएसपीएचएल. तिच्या सर्वांत वरच्या एनसीडीसी या गटात खेळण्याची फी घेतली जात नाही आणि तिथून पहिल्या विभागात खेळाडू गेले आहेत. खालच्या गटांत, तसेच ईएचएल आणि एनए3एचएलमध्ये, पालक फी भरतात आणि तिथून प्रामुख्याने तिसऱ्या विभागाच्या किंवा क्लब पातळीच्या हॉकीकडे वाट जाते. हे कमीपणाचे नाही. पण अशा संघाचा प्रतिनिधी पहिल्या विभागाची स्वप्ने दाखवू लागला, तर गेल्या तीन वर्षांत त्याच्या संघातून तिथे गेलेल्यांची नावे मागावीत.

कॅनडात पश्चिमेला बीसीएचएल आहे. 2023 मध्ये ती हॉकी कॅनडा या तिथल्या नियामक संस्थेतून बाहेर पडली आणि 2024 च्या जानेवारीत अल्बर्टा लीगचे पाच संघ तिच्यात आले. त्यांतलाच ब्रूक्स बँडिट्स. एनएचएलचा नामवंत बचावपटू केल मकार याच संघातून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेला होता. हॉकी कॅनडाच्या छत्राखाली राहिलेल्या ज्युनियर ए लीग प्रांतवार आहेत: अल्बर्टाची एजेएचएल, सस्कॅचवानची एसजेएचएल, मॅनिटोबाची एमजेएचएल, ऑन्टारियोत ओजेएचएल आणि सीसीएचएल, पूर्वेला मॅरिटाइम प्रांतांची एमएचएल. टोरंटो परिसरातल्या कुटुंबाला ओजेएचएलचा मोठा फायदा असा, की मुलगा अनेकदा घरी राहून खेळू शकतो.

या सगळ्यांच्या वर, निदान खेळाच्या वेगात आणि प्रसिद्धीत, सीएचएल आहे: ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्वेबेकची क्यूएमजेएचएल. तिच्याबद्दल स्वतंत्रपणे सांगावे लागेल, कारण जुने सल्ले इथेच चुकतात.

चौथी पायरी: 2025 पूर्वीचा सल्ला बाजूला ठेवा

सीएचएलचे खेळाडू खर्चाबरोबर मानधन घेतात आणि व्यावसायिक करार केलेल्यांसोबत खेळतात, म्हणून एनसीएए त्यांना व्यावसायिक मानत असे. तिथे खेळलेल्यांना अमेरिकन कॉलेज हॉकीचे दार जवळपास बंद होत असे. सोळाव्या वर्षी घ्यायचा हा निर्णय परतीचा नव्हता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरे इथला जुझार खैरा बीसीएचएलमधल्या प्रिन्स जॉर्जकडून मिशिगन टेक विद्यापीठात गेला, एक हंगाम खेळून त्याने डब्ल्यूएचएलमधला एव्हरेटचा संघ गाठला, आणि कॉलेज हॉकी तिथेच संपली. त्याच शहरातला अर्शदीप बैन्स रेड डिअरकडून डब्ल्यूएचएलमध्ये खेळला, 2021-22 मध्ये 112 गुणांसह लीगमध्ये पहिला आला आणि कॉलेजला न जाता व्हँकुव्हर कनक्सशी करारबद्ध झाला. दोघेही एनएचएलमध्ये पोहोचले; पण त्या काळात एका वाटेला लागले की दुसरी सुटत असे.

7 नोव्हेंबर 2024 रोजी पहिल्या विभागाच्या परिषदेने हा नियम बदलला. 1 ऑगस्ट 2025 पासून सीएचएलमध्ये खेळलेला मुलगा, त्याने प्रत्यक्ष आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त मोबदला घेतलेला नसेल तर, कॉलेजमध्ये खेळू शकतो. डब्ल्यूएचएलमधल्या मेडिसिन हॅट संघाचा बहुचर्चित खेळाडू गॅव्हिन मकेना पेन स्टेट विद्यापीठात गेला, तेव्हा बदल किती मोठा आहे हे सर्वांनाच दिसले. एनएचएल संघाने ड्राफ्टमध्ये निवडल्याने हॉकीतली पात्रता जात नाही; त्या संघाशी करार केला की जाते.

या बदलाचा सामान्य खेळाडूवर होणारा परिणाम कमी बोलला जातो. पहिल्या विभागात पुरुषांचे साधारण 63 संघ आहेत. एनसीएएविरुद्ध खेळाडूंनी केलेल्या खटल्यात 2025 च्या उन्हाळ्यात न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरची 18 शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात 26 खेळाडूंची मर्यादा आली. म्हणजे देशभर सुमारे सोळा-सतराशे जागा, आणि त्यांतल्या अंदाजे पाव भाग दरवर्षी मोकळ्या होणार. आता या जागांसाठी एकोणीस-वीस वर्षांचे सीएचएल खेळाडू आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणारे खेळाडूही रांगेत आहेत. पूर्वी एनएएचएल किंवा ज्युनियर ए लीगमधल्या चांगल्या खेळाडूला तळाच्या पहिल्या विभागातल्या संघात जी जागा मिळे, ती आता कठीण झाली आहे. चार वर्षांपूर्वी पदवीला लागलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण म्हणून आज फारसे कामाचे नाही.

पाचवी पायरी: लीग नव्हे, संघ तपासा

बहुतेक लेख लीगची तुलना किती टक्के खेळाडू कॉलेजात गेले या आकड्यावर थांबवतात. या आकड्यात मोठी मेख आहे. यूएसएचएलमधल्या अनेक खेळाडूंचे कॉलेज संघात पाऊल ठेवण्यापूर्वीच ठरलेले असते. त्या यशाचे श्रेय लीग घेते. आपल्या मुलाचे कॉलेज ठरलेले नसेल, तर त्याच्यासारख्या मुलांचे पुढे काय झाले तेवढेच पाहायला हवे.

त्यासाठी एक संध्याकाळ पुरते. संघाच्या संकेतस्थळावरून किंवा एलीट प्रॉस्पेक्ट्ससारख्या ऑनलाइन नोंदवहीतून गेल्या तीन हंगामांच्या खेळाडूंची यादी काढावी. प्रत्येक नावापुढे तो कोणत्या वयाला आला, तेव्हा त्याचे कॉलेज ठरले होते का, किती सामने खेळला आणि शेवटी कुठे गेला, हे लिहावे. ठरल्याशिवाय आलेल्यांपैकी किती जणांना खेळत असताना बोलावणे आले, हा आकडा संघाबद्दल सर्वांत जास्त सांगतो. मग हंगामाच्या मध्यात किती खेळाडू बदलले गेले किंवा सोडले गेले, हे पाहावे. ज्या संघाच्या यादीत एका वर्षात पन्नास नावे दिसतात, तिथे तुमच्या मुलाचे नावही डिसेंबरात खोडले जाऊ शकते.

पुढचा प्रश्न त्याच्या जागेचा. बचावपटू असेल तर त्या संघात परत येणारे बचावपटू किती, त्यांची वये काय, गोलरक्षक असेल तर दुसरा गोलरक्षक कोण आणि त्याचे कॉलेज ठरले आहे का, हे विचारावे. यूएसएचएलच्या चौथ्या फळीत रात्री सहा मिनिटे खेळणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलापेक्षा एनएएचएलमध्ये पहिल्या दोन फळींत आणि पॉवर प्लेमध्ये (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना) खेळणारा मुलगा स्काउटच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याच्या, वहीत लवकर चढतो, कारण स्काउटला लिहायला काहीतरी घडावे लागते. याला अपवाद सोळा-सतरा वर्षांच्या अतिशय गुणी मुलाचा: त्याने वरच्या लीगमध्ये कमी वेळ खेळूनही पुढच्या वर्षाची तयारी होते. वीस वर्षांच्या मुलाला मात्र पुढचे वर्ष नसते.

खेळाच्या वेळापत्रकातही फरक आहे. ओएचएल आणि डब्ल्यूएचएलमध्ये नियमित हंगामात 68 सामने, यूएसएचएलमध्ये 62, बीसीएचएलमध्ये 54. कॉलेज हंगाम याच्या जवळपास निम्मा असतो आणि आठवड्याचे मधले दिवस सराव व व्यायामशाळेत जातात. अंगाने किरकोळ मुलाला कमी सामने आणि जास्त व्यायाम फायद्याचे ठरू शकतात. खेळाच्या लयीतूनच शिकणाऱ्याला उलट.

निवडीच्या पद्धती लीगनुसार वेगळ्या आहेत. सीएचएल आणि यूएसएचएल ड्राफ्ट घेतात. एनएएचएलमध्ये ड्राफ्टबरोबरच टेंडर नावाचा करार असतो, ज्यावर सही केली की त्या लीगपुरते खेळाडूचे हक्क त्या एका संघाकडे जातात. ड्राफ्टमध्ये नाव येणे म्हणजे संघात जागा मिळणे नव्हे. उन्हाळी शिबिरांची निमंत्रणे शेकडोंना जातात आणि शिबिराची फी हे काही संघांचे उत्पन्नही असते. कोचने स्वतः फोन करून खेळाबद्दल नेमके काही सांगितले नसेल, तर त्या पत्राला जाहिरात समजावे.

कॉलेजचे कोच कधी बोलू शकतात यालाही नियम आहे: दहावीच्या वर्षातल्या 1 जानेवारीपासून संभाषण, आणि अकरावी सुरू होण्यापूर्वीच्या 1 ऑगस्टपासून तोंडी प्रस्ताव. तोंडी प्रस्ताव दोन्ही बाजूंना बांधील नसतो. जुने राष्ट्रीय इरादापत्र 2024 मध्ये बंद झाले असून आता आर्थिक मदतीच्या लेखी करारालाच अर्थ आहे.

सहावी पायरी: खर्च आणि कागदपत्रे

यूएसएचएलमध्ये राहणे, जेवण आणि साहित्य संघ पाहतो. खेळाडू बिलेट कुटुंबाकडे, म्हणजे स्थानिक यजमान कुटुंबात राहतो. एनएएचएलमध्ये खेळण्याची फी नसते, पण यजमान कुटुंबाला द्यायची मासिक रक्कम सहसा पालकांवर येते. फीच्या लीगमध्ये हंगामाचा एकूण खर्च अनेक हजार डॉलरांत जातो. डब्ल्यूएचएल प्रत्येक खेळलेल्या हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षण शुल्काची आणि पुस्तकांची शिष्यवृत्ती देते, आणि कॅनडातल्या विद्यापीठात शिकण्याची तयारी असेल तर तिचे मोल मोठे आहे. ती किती वर्षांत वापरावी लागते आणि व्यावसायिक करार केल्यास काय होते, ही कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत.

एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरील पालकाचे अवलंबित म्हणून, मुले अमेरिकेत असलेल्या कुटुंबासाठी सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे, आणि हॉकीतले सल्लागार ती सांगत नाहीत, कारण त्यांच्या इतर कुटुंबांना तिच्याशी कर्तव्य नसते. अवलंबित मुलाचा दर्जा एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. मार्च 2008 मध्ये जन्मलेला मुलगा मार्च 2029 मध्ये, म्हणजे शेवटचा ज्युनियर हंगाम चालू असतानाच, एकवीस वर्षांचा होईल. तोवर ग्रीन कार्ड आले नसेल तर त्याला विद्यार्थी व्हिसा लागेल. विद्यार्थी व्हिसासाठी पूर्णवेळ शिक्षण लागते. आणि पूर्णवेळ कॉलेज सुरू झाले की एनसीएएचे घड्याळ सुरू होते. अशा मुलासाठी शेवटचा ज्युनियर हंगाम बहुधा उपलब्धच नाही असे धरून, एक वर्ष आधी कॉलेजात जाण्याची योजना आखावी. सीमेपलीकडच्या लीगमध्ये जाण्यापूर्वी, मानधन घेण्यापूर्वी आणि विद्यार्थी व्हिसावर असताना स्वतःचे नाव व छायाचित्र जाहिरातीत वापरू देण्याचे पैसे स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. परदेशी नागरिकांच्या जागांवर लीगची मर्यादा असू शकते, म्हणून आपला मुलगा कोणत्या गटात मोजला जाईल हे संघाकडून लेखी घ्यावे.

मुलींसाठी हे सगळे गणित लागू नाही. महिलांच्या कॉलेज हॉकीकडे वाट प्रेप स्कूल (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खासगी शाळा) आणि 19 वर्षांखालील क्लब संघांतून जाते आणि बहुतेक मुली हायस्कूलनंतर लगेच कॉलेजात जातात.

सातवी पायरी: शेवटच्या हंगामाचा जानेवारी

वीस वर्षांच्या खेळाडूला जानेवारीपर्यंत पहिल्या विभागातून ठोस विचारणा नसेल, तर तिसऱ्या विभागाच्या कोचांना त्याने स्वतः लिहावे, आणि पत्र आईवडिलांनी नव्हे, मुलानेच लिहावे. पत्रात तीनच गोष्टी असाव्यात: गुणपत्रिका, सामन्यांचे चित्रीकरण आणि कोणत्या विषयात शिकायचे आहे. तिसऱ्या विभागात हॉकीचे 80 हून अधिक संघ आहेत. होबार्ट, मिडलबरी, नॉर्विच, सेंट नॉर्बर्ट अशी नावाजलेली कॉलेजे त्यांत आहेत. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती नसते, परंतु गुणांवर आणि गरजेवर मदत मिळते, आणि या कोचांची भरती एप्रिल-मेपर्यंत चालते. मात्र प्रवेश अर्जाची व आर्थिक मदतीची मुदत कोचसाठी थांबत नाही, म्हणून चार-पाच कॉलेजांचे अर्ज हिवाळ्यातच भरून ठेवावेत. एसीएचए या संघटनेची क्लब हॉकी, म्हणजे एनसीएएबाहेरची कॉलेज हॉकी, मोठ्या विद्यापीठांतही असते. तिथे संघ निवडून मग कॉलेज ठरवण्यापेक्षा अभ्यासक्रम निवडून मग तिथल्या संघाची चाचणी द्यावी. सीएचएलमधून वयाने बाहेर पडणाऱ्याने यू स्पोर्ट्स या कॅनडातल्या विद्यापीठ खेळांच्या संस्थेतल्या विद्यापीठांनाही त्याच आठवड्यात लिहावे, कारण त्यांच्या संघांतल्या बहुतेक जागा माजी सीएचएल खेळाडूंनीच भरतात.